नव्या खाऱ्या घरात माशांचा गृहप्रवेश

आपल्या बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही. घाटावरच्या चिखली-मेहकरहून निघा की घाटाखालच्या खामगाव-मलकापूरहून, मुंबईचा किनारा गाठायचा तर चार-पाचशे किलोमीटरांचा प्रवास. लहानपणी शाळेच्या सहलीत ज्यांनी मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं असेल, त्यांना काचेपलीकडचे ते निळे-पिवळे मासे अजून आठवत असतील. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. २०१५ मध्ये नवं रूप घेऊन ते पुन्हा उघडलं. पण त्या मत्स्यालयाचं भाग्य असं, की रस्ता ओलांडला की अरबी समुद्र! पाणी दारातच. आपल्याकडे मात्र समुद्र बादलीत कालवावा लागतो.

आणि तो कालवणार कोण, हे काय सांगायला हवं? मासे आणायचा हट्ट मुलांचा, पाहुण्यांपुढे कौतुक यजमानांचं, आणि बादल्या उचलायच्या आपण! म्हणून हा लेख त्यांच्यासाठी नव्हे, आपल्यासाठी.

गोल्डफिश, गप्पी, मोली या गोड्या पाण्यातल्या माशांवर हात बसला, की पुढची पायरी म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी येते. त्यातून २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश पोराटोरांच्या तोंडी ‘निमो’ होऊन बसला. मग होतं काय, टाकी, मीठ, दगड आणि मासे एकाच दिवशी, एकाच रिक्षातून घरी येतात. चौथ्या दिवशी एक मासा आडवा, आठव्या दिवशी दुसरा. मुलं रडकुंडीला येतात, खर्च झालेला असतोच, आणि घरात निकाल लागतो, की समुद्राचे मासे आपल्याकडच्या हवेला टिकतच नाहीत. हवेचा काही दोष नसतो हो! मासा येण्याआधी त्याचं घर तयार नव्हतं, आणि आला त्या दिवशी त्याला घाईनं आत सोडलं, एवढंच झालेलं असतं. हे दोन्ही सांभाळलं तर क्लाउनफिशसारखा मासा दहा वर्षं सहज साथ देतो.

खारट ते सगळं समुद्राचं नव्हे

शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागातल्या भगिनींना खाऱ्या पाण्याचं कौतुक ते काय असणार! पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा बुलडाणा, अकोला आणि अमरावती अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही. साहजिकच मनात येतं, घरात फुकटचं खारं पाणी असताना मीठ विकत कशाला आणायचं?

पण हा हिशेब जमत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या बोअरचं पाणी कितीही खारट लागलं तरी त्याच्या आसपासही जात नाही. शिवाय प्रश्न नुसता किती मीठ याचा नाही, कोणतं मीठ याचाही आहे. समुद्राच्या पाण्यात साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेट हे ठरलेल्या प्रमाणात असतात. आपल्या लोणारच्या सरोवराचंच पाहा ना. उल्केच्या आघातानं झालेलं ते जगप्रसिद्ध सरोवर, पाणी खारं खरं, पण तो खार पापडखाराच्या जातीचा! त्या पाण्याचा पी.एच. दहाच्या घरात आणि समुद्राचा आठाच्या थोडा वर. समुद्रातला मासा लोणारच्या पाण्यात घातला तर तो तास-दोन तासही काढायचा नाही. स्वयंपाकघरातलं आयोडीनचं मीठही बाद. मत्स्यालयासाठी तयार मिळणारं समुद्री मीठच आणायला हवं.

हे मीठ कालवायचं कशात, तर आर.ओ.च्या पाण्यात. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर साधारण १९० लिटर पाणी मावतं, म्हणजे वीस लिटरचे नऊ-साडेनऊ जार. त्याला सहा-सात किलो मीठ लागेल. आधी पाणी घ्यावं, मग त्यात थोडं थोडं मीठ सोडावं. मिठावर पाणी ओतलं तर खाली गठ्ठा बसतो. पंप लावून ते एक दिवस फिरू द्यावं. नळाचं पाणी घ्यायचंच झालं तर त्यातला क्लोरीन मारणारं औषध घालायला हवं. आणि एक लक्षात ठेवा, तांब्या-पितळेचा हंडा, कळशी या कामाला काढू नका. आपल्या पिण्याच्या पाण्याला तांबं चांगलं म्हणतात, पण माशांना ते घातक, आणि कोळंबी-शिंपल्यांना तर विषच. प्लास्टिकच्या दोन नव्या बादल्या याच कामासाठी वेगळ्या ठेवा, त्यांना साबण लागू देऊ नका.

पाणी पुरेसं खारं झालं की नाही हे चाखून पाहायचं नसतं. दुधात पाणी आहे का हे पाहायला लॅक्टोमीटर बुडवतात ना, त्याचाच भाऊ हायड्रोमीटर. तो पाण्यात सोडला की काट्यावर आकडा दिसतो. साध्या पाण्याला १.०००, समुद्राच्या पाण्याला सुमारे १.०२५. घरात हे एक आणि पाण्यातला अमोनिया मोजायचं किट, ही दोन साधनं नसतील तर मासे आणूच नयेत, असं मी स्पष्टच सांगेन. शोभेच्या शिंपल्यांवर आणि प्लास्टिकच्या जहाजावर घालवायचे पैसे इकडे वळवा.

टाकी कुठं ठेवायची? वास्तुशास्त्रवाले ईशान्य कोपरा सांगतात. मी म्हणते, ज्या कोपऱ्यात ऊन येत नाही, जवळ विजेचं बटण आहे आणि खालची जमीन पक्की आहे, तो कोपरा शुभ! पाणी, काच, दगड धरून अडीचशे किलो वजन होतं, म्हणजे धान्याची अडीच क्विंटल रास एका टेबलावर रचल्यासारखं. ते टेबलही साधं लोखंडी नको, खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी वर्षभरात गंजून खाईल.

टाकीला विरजण

दुधात विरजण घातलं आणि लगेच वाटी पुढे केली तर दही मिळेल का? टाकीचंही तसंच आहे. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे पाण्यात अमोनिया सोडतो. बाळाच्या ओल्या दुपट्याला रात्रीतून जो उग्र वास येतो तोच हा. समुद्र अफाट, तिथं तो विरून जातो. दीड फूट उंचीच्या काचपेटीत तो माशाच्याच कल्ल्यांना जाळतो. निसर्गानं त्यावर तोड ठेवली आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासा बऱ्यापैकी सोसतो. पण हे जिवाणू नव्या कोऱ्या टाकीत नसतात. फिल्टरच्या स्पंजावर, दगडांवर, वाळूवर त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून ते तयार आहे असं समजू नये. नव्या टाकीचं पाणी दिसायला सर्वांत सुंदर आणि असायला सर्वांत धोक्याचं.

या आठवड्यांत टाकीत मासा नसावा, पण जिवाणूंना खायला मात्र हवं. ज्यांच्याकडे चालतं त्यांनी कोळंबीचा, म्हणजे आपल्याकडच्या झिंग्याचा, एखादा तुकडा कापडाच्या पुरचुंडीत बांधून सोडावा. जिथं मांसमच्छी घरात येत नाही तिथं माशांच्या तयार खाद्याची चिमूट रोज टाकली तरी काम होतं. बाटलीतले जिवाणूही विकत मिळतात. घाला, पण त्या बाटलीच्या भरवशावर दुसऱ्या दिवशी मासे आणू नका. गोड्या पाण्याच्या टाकीतला स्पंज इथं विरजण म्हणून उपयोगी पडत नाही, पाणी बदललं की ते जिवाणू टिकत नाहीत.

दर दोन-तीन दिवसांनी किटनं पाणी तपासून वहीत आकडे मांडा. (वाण्याच्या हिशेबाच्या वहीचं मागचं पान चालेल.) आधी अमोनिया चढेल, मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल, शेवटी तेही उतरेल. खाद्य टाकून चोवीस तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं लागोपाठ तीन-चार दिवस आलं की समजावं, दही लागलं. मग साधारण तिसरा हिस्सा पाणी बदलावं आणि माशांना बोलवावं.

काही दुकानदार सुचवतात, की आधी स्वस्तातले डॅमसेल मासे सोडा, ते पाणी तयार करतील. म्हणजे काय, तर त्यांना त्या अमोनियात ठेवायचं. जगले तर जगले! ही रीत मला पटत नाही. आणि जगलेच तर तो मासा असा भांडकुदळ, की नंतर येणाऱ्या प्रत्येकाला जाच करतो. पहिली येऊन बसलेली जाऊच म्हणा ना!

कोणते मासे, कुठून

समुद्रातले बहुतेक शोभेचे मासे आजही प्रवाळांच्या बेटांवरून पकडून आणलेले असतात. वाटेत किती दगावतात ते आपल्याला दिसत नाही. म्हणून मासा कैदेतच जन्मलेला आहे का हे विक्रेत्याला आवर्जून विचारावं. क्लाउनफिशच्या बाबतीत हे शक्य आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्या देशात बसवलं, आणि आपल्या राज्यात नवी मुंबईला ऐरोलीत कांदळवन कक्षानं राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मदतीनं सागरी शोभिवंत माशांचं बीजोत्पादन केंद्र उभारलं. असा टाकीतच वाढलेला मासा तयार खाद्य खायला शिकलेला असतो, काचेला बुजत नाही आणि नवशिक्या घरात जास्त टिकतो.

जिवंत प्रवाळ आणि समुद्री घोडा मात्र कुणी कितीही आग्रहानं देऊ केलं तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानं २००१ पासून त्यांना संरक्षण आहे; प्रवाळाचा वाळलेला तुकडाही त्यात येतो. दगड हवेत तर भाजलेल्या मातीचे, सच्छिद्र, मत्स्यालयासाठी बनवलेले मिळतात. लायनफिशही नको, पंखांचे काटे विषारी, आणि आपली मुलं हात घातल्याशिवाय राहत नाहीत.

आपल्या तीन फुटी टाकीला सुरुवातीला क्लाउनफिशची एक जोडी भरपूर झाली. या जोडीची एक गंमत सांगते. हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात. त्यांतला जो मोठा आणि जबर तो पुढे मादी होतो, आणि घरात सत्ता तिचीच! अंड्यांना पंख्यानं वारा घालायचं, त्यांची राखण करायचं काम नवरोबाचं. ती गेली तर तोच पुढे मादी होतो. यजमानांना हे मुद्दाम वाचून दाखवा. जोडी घेताना एक मोठा आणि एक लहान असा घ्यावा, म्हणजे मोठेपणाचं भांडण आधीच मिटलेलं असतं.

पिशवीतला प्रवास

आता मुख्य गोष्ट. मासा विक्रेत्याकडून आपल्या टाकीपर्यंत येतो कसा, यावरच त्याचं पुढचं आयुष्य ठरतं.

निघण्याआधी एक दिवस माशाला उपास घडवायला सांगा. भरल्या पोटी निघालेला मासा पिशवीतच घाण करतो, आणि त्या मूठभर पाण्यातच त्याला रात्र काढायची असते. पिशवीत तिसरा हिस्सा पाणी, दोन हिस्से प्राणवायू. पिशवी दुहेरी, कोपऱ्यांत मासा अडकू नये म्हणून कोपरे बांधलेले. एका पिशवीत एकच मासा. आणि सगळं थर्मोकोलच्या झाकणाच्या खोक्यात. अंधारात मासा शांत राहतो. रेल्वेनं मलकापूर, नांदुरा किंवा शेगावला उतरा, की २०२५ पासून पूर्ण खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गानं मेहकर, सिंदखेडराजाकडे या, खोका पायाशी, सावलीत ठेवा. गाडीच्या मागच्या डिकीत टाकून चहाला उतरू नका. पिशवी उघडून ‘हवा देणं’ तर मुळीच नको. त्याचं कारण पुढे येतंच आहे.

दिवस कोणते निवडावेत? एप्रिल-मे नक्की नकोत. घाटाखाली पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा आपणच बाहेर पडत नाही, मग त्या पिशवीचं काय होणार! डिसेंबर-जानेवारीतली घाटावरची रात्रही या उष्ण समुद्रातल्या माशांना झेपत नाही, त्यांना २५ ते २७ अंश पाणी लागतं. पावसाळा सरल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस, नाहीतर फेब्रुवारीचा उत्तरार्ध, हे बरे.

निघण्याआधी विक्रेत्याला फोनवर एक प्रश्न विचाराच: तुमच्या टाकीतल्या पाण्याचा हायड्रोमीटरवरचा आकडा किती? पुष्कळ दुकानांत पाणी समुद्रापेक्षा कमी खारं ठेवतात, १.०२० किंवा त्याहूनही खाली. त्यानं मीठ वाचतं आणि काही रोगजंतूही दबून राहतात. पण असा मासा आपण एकदम १.०२५ च्या पाण्यात सोडला तर काय होतं? कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं ना, अगदी तेच. समुद्री माशाच्या अंगातलं पाणी समुद्रापेक्षा खूपच कमी खारं असतं, त्यामुळे बाहेरचा खार त्याचं पाणी सतत ओढत असतो. म्हणून तर तो समुद्राचं पाणी पीत राहतो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. बाहेरचा खार अचानक वाढला की हा तोल सांभाळायला त्याला सवड मिळत नाही. जास्त खाऱ्यातून कमी खाऱ्यात जाणं त्याला त्या मानानं सोपं, कमीतून जास्तीत जाणं कठीण, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

उतरवून घेताना

मासा घरी येईल तेव्हा शक्यतो संध्याकाळ असावी. खोलीतला मोठा दिवा बंद, टाकीचा दिवा बंद, मुलांना दोन हात दूर बसवा. अंधाऱ्या खोक्यातून आलेल्या माशाच्या तोंडावर एकदम झगझगीत दिवा पडला तर तो बिथरून काचेवर आपटतो.

पिशवी बाहेरून धुऊन, बंदच ठेवून, टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं ऊनगार होतं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे मात्र दोन वाटा फुटतात, आणि आपल्यासारख्या लांबच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी त्यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा.

मासा जवळून आणला असेल, अकोल्याहून म्हणा, छत्रपती संभाजीनगरहून म्हणा, तीन-चार तासांत, तर थेंबांची रीत उत्तम. पिशवीतलं पाणी माशासकट एका स्वच्छ लहान बादलीत घ्या आणि ती टाकीच्या खाली ठेवा. औषधाच्या दुकानात सलाईन लावायचा संच मिळतो, त्याच्या नळीला थेंब कमी-जास्त करायची चाकी असते. त्या नळीनं टाकीतलं पाणी बादलीत ठिबकू द्या, सेकंदाला दोन-तीन थेंब. बादलीतलं पाणी दुप्पट झालं की निम्मं काढून टाका, पुन्हा दुप्पट होऊ द्या. हायड्रोमीटरवर दोन्हीकडचा आकडा जुळला की झालं. पाऊण तास-तास पुरतो. बादलीतलं पाणी गार पडत नाही ना, एवढं पाहायचं.

पण मासा मुंबईहून रात्रभर बंद पिशवीत आला असेल तर ही थेंबांची रीत त्याच्या जिवावर उठते. बहुतेक घरी नेमकं हेच होतं: मासा दहा-बारा तासांचा प्रवास करून जिवंत येतो आणि आपण प्रेमानं, पुस्तकात वाचल्याप्रमाणे, दोन तास ठिबक लावतो नि तो डोळ्यांदेखत कलंडतो. असं का व्हावं? बंद पिशवीत माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी आंबटसर होतं. रात्रभरात अमोनियाही साठलेला असतो, पण आंबटसर पाण्यात तो बराचसा कमी घातक रूपात पडून राहतो. पिशवी उघडली, की सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा तो वायू उडून जातो, पाण्याचा आंबटपणा उतरतो, आणि तोच अमोनिया काही मिनिटांत विषारी रूप धरतो. वरून आपण टाकीचं, पी.एच. आठाच्या वरचं पाणी ठिबकवतो, म्हणजे त्यात भरच! वाटेत पिशवी उघडू नका म्हटलं ते याचसाठी, आणि उघड्या पिशवीत हवेची नळी सोडू नये तेही याचसाठी.

अशा लांबून आलेल्या पाहुण्यासाठी तयारी आदल्या दिवशी करावी. चाळीस-पन्नास लिटरची एक साधी लहान टाकी घ्यावी. ती उघडी-बोडकी चालेल. लपायला प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा आणि मोठ्या टाकीत मुरलेला एक स्पंज पुरे. त्यात विक्रेत्यानं सांगितलेल्या आकड्याचंच पाणी भरावं. पिशवी बंदच तरंगवून ऊनगार जुळवायचं, मग पिशवी कापायची, हायड्रोमीटरवर एकदा आकडा पाहून घ्यायचा आणि लागलीच मासा त्या पाण्यात सोडायचा. पिशवीतलं पाणी अधिक खारं निघालं तर फारसं बिघडत नाही, कमी निघालं तर लहान टाकीत थोडं आर.ओ.चं पाणी घालून घ्यावं. पुढे रोज थोडं थोडं पूर्ण खारं पाणी घालत आकडा दिवसाला १.०२० चा १.०२१, मग १.०२२ असा चढवत न्यावा. चार-सहा दिवसांत मासा मोठ्या टाकीच्या बरोबरीला येतो.

मासा उचलताना जाळीपेक्षा प्लास्टिकचा मग बरा. जाळीत पंख फाटतात, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तो थर म्हणजे त्याचं कवच. मग पाण्यात तिरका धरून मासा आत आला की उचलायचा, त्यातलं पाणी बहुतेक ओतून द्यायचं आणि मासा टाकीत सोडायचा. पिशवीतलं पाणी टाकीत एक थेंबही जाऊ द्यायचं नाही. ते मोरीत.

या लहान टाकीत माशाला तीन-चार आठवडे ठेवावं हे उत्तम. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो परजीवीचा रोग, आणि मोठ्या टाकीत एकदा शिरला की दीड-दोन महिने टाकी रिकामी ठेवल्याशिवाय जात नाही. इथं औषध करता येतं, तिथं करता येत नाही. ‘एवढं कोण करतं?’ असं म्हणणाऱ्या असतील. दुसरी टाकी जमत नसेल तर पहिली जोडी मोठ्या टाकीतच, तिचा आकडा विक्रेत्याच्या पाण्याशी जुळवून घेऊन सोडावी, आणि पुढचा मासा आणण्याआधी तरी लहान टाकीची सोय करावी.

पहिला महिना

पहिल्या रात्री मासा दगडामागे दडून बसेल, रंग फिका दिसेल. काळजी नको. त्या दिवशी खाणं देऊच नये. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करायची रीत, पण इथं आग्रह म्हणजे अमोनिया! दुसऱ्या दिवशी दोन-चार कण टाकावेत, दोन मिनिटांत संपतील तेवढेच. उरलेले काढून घ्यावेत. आठवडाभर रोज अमोनिया तपासावा. किटवर शून्याखेरीज काही दिसलं, किंवा मासा वर येऊन भराभर कल्ले हलवू लागला, तर पाव हिस्सा पाणी बदलायचं. त्यासाठी तेवढं कालवलेलं खारं पाणी झाकलेल्या बादलीत नेहमी तयार हवं. संकट आल्यावर मीठ कालवायला बसलं तर उशीर होतो.

टाकीच्या खोलीत डासांची अगरबत्ती, फवाऱ्याचं औषध, फिनेल यांना बंदी घाला. हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ओढतो. वीज गेली की फिल्टर थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू उतरतो. लोडशेडिंगचं माहेरच असलेल्या आपल्या गावांत बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू द्या. उन्हाळ्यात पाण्यावरून छोटा पंखा वारा घालत ठेवला तर दोन-तीन अंश उतार पडतो. पण घाटाखाली, पत्र्याखालच्या खोलीत राहणाऱ्यांनी खाऱ्या पाण्याचा नाद करू नये. तिथं गप्पीच बरे.

दुसरी जोडी किंवा नवा मासा आणायचा तो तीन-चार आठवड्यांनी. तेव्हा टाकीतले दगड थोडे इकडचे तिकडे करून मग नवा सोडावा, म्हणजे जुन्याला आपली जागा कोणती हेच उमजत नाही आणि तो नव्याच्या अंगावर धावून जात नाही.

आता उन्हाळ्यात मुलांना घेऊन माहेरी जाणाऱ्या भगिनींसाठी. कूलर चालू असलेल्या घरात टाकीचं पाणी झपाट्यानं उडतं, आणि उडतं ते पाणीच. मीठ सगळं मागे उरतं. म्हणून भर घालायची ती आर.ओ.च्या साध्या पाण्याची, मिठाच्या पाण्याची नव्हे. काचेवर बाहेरून रंगाची रेघ मारून ठेवा आणि यजमानांना सांगा, रोज रात्री पाणी रेघेपर्यंत आणायचं. खाण्याच्या रोजच्या चिमटीच्या पुड्या बांधून, त्यांवर तारखा घालून द्या, आणि खाद्याचा डबा कपाटात कुलपात ठेवा.